नमुना सत्तेचाळीस

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला, टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारायला पुठ्ठ्याचा तुकडा शोधत असताना, स्वयंपाकघरातल्या सर्वांत खालच्या खणात मला माझंच अक्षर सापडलं. आपलं अक्षर भलत्या जागी दिसलं की माणूस उगाचच दचकतो. मीही दचकलो, आणि मग हसलो, कारण कागद ओळखीचा होता. बिअरच्या मेळ्यात परीक्षकांना देतात तो छापील तक्ता. वर नमुन्याचा क्रमांक, खाली पाच रकाने: वास, दिसणं, चव, तोंडातला भरीवपणा, एकूण मत. क्रमांक सत्तेचाळीस. पन्नासपैकी तेवीस. शेवटच्या रकान्यात माझ्या तिरक्या, जराशा ऐटबाज अक्षरात लिहिलेलं होतं, 'कच्च्या सफरचंदाचा वास. पुरेशी मुरलेली नाही. मेहनत दिसते, पण कुणासाठी केली आहे ते कळत नाही.' वाचून मला बरं वाटलं, हे आधीच कबूल करून टाकतो. जमून आलेलं वाक्य होतं. मग लक्षात आलं की हा तक्ता आपल्या घरात असायचं काही कारण नाही. परीक्षक तक्ते घरी आणत नाहीत. ते मेळ्याच्या कचेरीत जमा होतात आणि तिथून, ज्याने बिअर केली असेल त्याला टपालाने जातात. तक्त्याखाली पाकीट होतं. पाकिटावर आमचा पत्ता होता, आणि पत्त्याच्या वर माझ्या बायकोचं नाव होतं.

बायको भाजी आणायला गेली होती आणि जाताना, तासाभरात येते, म्हणाली होती. मी खुर्चीवर बसलो. टेबल अजून डुगडुगत होतं, त्यामुळे कोपर टेकलं की कागद माझ्या बाजूला एवढासा सरकायचा. पाकिटावरच्या शिक्क्याची तारीख मी दोनदा वाचली. सात आठवडे झाले होते. सात आठवड्यांपूर्वी हे पाकीट आलं, तिने ते उघडलं, वाचलं, खणात ठेवलं आणि संध्याकाळी मी घरी आल्यावर मला विचारलं असेल, चहा आत्ता की अंघोळ झाल्यावर. त्या आठवड्यात काय काय झालं ते मी आठवायला लागलो. काही झालं नव्हतं. न्हाणीघरातला नळ दुरुस्त करून घेतला, मुलीचा फोन आला, मुलीने तिकडे नवी खोली घेतल्याचं सांगितलं, एका संध्याकाळी आम्ही दोघं चालायला गेलो आणि पुलापाशी वारा सुटला म्हणून परत फिरलो. चालताना ती माझ्या डाव्या बाजूला होती. ती नेहमीच डाव्या बाजूला असते. तिच्या चेहऱ्यावर त्या दिवशी काही होतं का, हे मला आठवेना. चेहराच आठवेना, नुसती डावी बाजू आठवत होती.

मी लिफ्ट तपासतो. सव्वीस वर्षं मी लोकांच्या इमारतींमध्ये जातो, वरच्या मशीनच्या खोलीत चढतो, दोर बघतो, ब्रेक बघतो, दार अडवून बघतो, आणि मग एका वहीत शेरा लिहून सही करतो. लोक खुर्ची देतात, थंड पाणी देतात, मागच्याच महिन्यात सगळं तेलपाणी केलंय साहेब, कशाला वर चढताय, असं म्हणतात. मी चढतो. गुडघे कुरकुरतात तरी चढतो. दोर हाताने चाचपल्याशिवाय मी आजवर एकाही लिफ्टवर सही केलेली नाही, आणि आमच्या कचेरीत याबद्दल माझी जरा टिंगलही होते. बायको चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. दिवसभर अंधाऱ्या खोलीत भिंगं बदलत विचारत असते, हे बरं दिसतंय, की हे? आता? आणि आता? आम्ही दोघंही तपासणारे, असं लग्नाच्या सुरुवातीला मी चारचौघांत कौतुकाने सांगायचो. तेव्हा ती म्हणायची, फरक एवढाच की मी समोरच्याला विचारते. लोक हसायचे. मीही हसायचो.

बिअर आमच्या घरात मी आणली नाही, तिने आणली. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी तिच्या दुकानात एक म्हातारा गिऱ्हाईक यायचा, जाड काचांचा, लहानशा भट्टीत बिअर करणारा. त्याने चष्मा नीट बसला म्हणून खूश होऊन तिला दोन बाटल्या दिल्या. वसंतातली बिअर होती, तांबूस, पावाच्या कडेसारख्या वासाची, आणि त्या म्हाताऱ्याने बजावलं होतं की ही महिनाभरच मिळते, महिना गेला की पुढच्या वर्षी. ही गोष्ट आम्हाला फार आवडली. महिना गेला की नाही म्हणजे नाही. त्या वेळी आमच्याकडे सगळंच बारमाही होतं, कचेरी, दुकान, भाड्याची खोली, वरच्या मजल्यावरच्या बाईचं शिवणयंत्र. मग आम्ही हंगामाच्या मागे लागलो. उन्हाळ्यात गव्हाची, ढगाळ, हलकी. पानगळीला ओल्या हॉप्सची, म्हणजे कडवटपणा देणारी ती फुलं झाडावरून उतरवली की त्याच दिवशी भट्टीत टाकतात ती. थंडीत काळी, जड, घोट घेतला की कान गरम करणारी. कुठल्या गावात कुठल्या महिन्यात मेळा आहे याची वही तिने केली होती, आणि वर्षातून पाच-सहा वेळा आम्ही बसने किंवा गाडीने निघायचो. मुलगी झाली तेव्हा तिला मावशीकडे ठेवून निघायचो आणि परतीच्या वाटेवर दोघांनाही अपराधी वाटायचं. मैदानात तंबू, लाकडी बाकं, ओलसर भुसा, काउंटरपाशी रांगा. आम्ही दोघांत एकच ग्लास घ्यायचो, म्हणजे जास्त प्रकार चाखता येतात. ती आधी प्यायची, मग मला द्यायची, आणि मी घोट घेत असताना माझ्या तोंडाकडे बघत राहायची.

तिच्या बिअरबद्दल बोलण्याला काही शिस्त नव्हती. एका काळ्या बिअरबद्दल ती म्हणाली होती, ही दमून घरी आलेली आहे, हिला आधी बसू दे. एकीबद्दल म्हणाली, हिला चष्मा लागलाय पण ही लावत नाही. मला ते ऐकताना मजा यायची आणि ते खरंही वाटायचं, म्हणजे ती बोलल्यावर पुढच्या घोटात ते दमलेपण सापडायचं. मग मी परीक्षकाची परीक्षा द्यायचं ठरवलं. का ठरवलं ते सांगता येणार नाही. बहुतेक मला काहीतरी येत असावं असं वाटलं असेल. पन्नाशी जवळ आली होती. त्या परीक्षेत समोर बारा ग्लास ठेवतात आणि प्रत्येकात मुद्दाम एक दोष कालवलेला असतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअर जुनी झालीय, लोण्याचा आला तर यीस्टने काम अर्धवट सोडलंय, हिरव्या सफरचंदाचा आला तर कच्ची आहे, मुरायच्या आधी काढलीय. तिसऱ्या खेपेला मी पास झालो. त्यानंतरच्या पहिल्याच मेळ्यात तिने ग्लास माझ्या हातात देत काहीतरी म्हटलं, कुठल्याशा आत्याबाईंसारखी आहे म्हणाली, आणि मी म्हणालो, ते राहू दे, वास कसला येतोय ते सांग. ती म्हणाली, वास बिअरचा येतोय. मी समजावून सांगितलं. आधी वास, मग रंग, मग चव, शब्द ठरलेले आहेत, नाहीतर दोन माणसांचं बोलणं जुळायचं कसं. मी चांगलं समजावलं. तिने ऐकूनही घेतलं. पुढच्या वर्षी तिचा गुडघा दुखायला लागला, बसचा प्रवास झेपेना, मग तिच्या आईचं आजारपण आलं, आणि गेली चार वर्षं मी एकटाच जातो. गुडघ्याचं कारण मी तेव्हा मान्य केलं होतं. आज टेबलाशी बसल्यावर आठवलं की तिचा गुडघा इतर कुठे जाताना दुखत नाही.

आणखी एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. परीक्षा पास झाल्यापासून मला बिअर आवडेनाशी झाली. ग्लास नाकाशी नेला की दोष समोर येऊन उभा राहतो आणि दोष सापडला नाही तर मी चिडतो. तरी मी जात राहिलो. परीक्षकांना गळ्यात अडकवायला पट्टी मिळते, वेगळ्या दाराने आत सोडतात, नवखे लोक आपल्या बिअरबद्दल अदबीने विचारतात. घरी परतताना मी रिकामा असायचो. रिकामेपण थकव्यावर ढकलायचो.

या वर्षीचा पानगळीचा मेळा एका बंद पडलेल्या पोहण्याच्या तलावाच्या इमारतीत होता. तलाव कोरडा, त्याच्या निळ्या फरशीवरच परीक्षकांची टेबलं मांडलेली, शिडी उतरून आत जायचं. प्रत्येक टेबलाशी तिघं. वाढपी नंबर टाकलेले पारदर्शक पेले आणून ठेवायचे, मधे साधा पाव आणि पाणी. सगळी व्यवस्था मास्तरांकडे असते. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, कुठला नंबर कुणाचा याची यादी एकट्या त्यांच्या खिशात असते आणि ते ती बायकोलाही दाखवत नाहीत अशी त्यांची ख्याती आहे. मला सकाळी धुरकट काळ्या बिअरचं टेबल दिलं होतं, तसं पत्र महिनाभर आधीच घरी आलं होतं. चौदा पेले. जळक्या लाकडाचा, राखेचा वास, आणि तो जिभेवर बसला की उठत नाही. दुपारी जेवणानंतर मास्तर माझ्याजवळ आले आणि घुटमळले. हंगामी बिअरच्या टेबलावरच्या एका बाईंना सर्दी झाली होती, नाकच बंद, त्या घरी गेल्या होत्या. मास्तर म्हणाले, "तुला तिथे बसवायचं माझ्या मनात नव्हतं. पण माणूसच नाही रे." मला वाटलं, मी दमलोय म्हणून म्हणताहेत. मी म्हणालो, "बसतो की. त्यात काय." ते पुन्हा म्हणाले, "बघ हं. नको असेल तर सांग." नियम असा आहे की घरच्या माणसाची बिअर असेल त्या टेबलाशी परीक्षकाने बसायचं नाही. मास्तरांनी तो नियम मोडला होता आणि त्यांना ते मला सांगता येत नव्हतं, आणि मी ऐटीत शिडी उतरून टेबल बदललं. म्हणजे तिने मी काळ्या बिअरच्या टेबलाशी असणार हे बघूनच हंगामी प्रकार निवडला होता. माझ्यासमोर तिची बिअर येऊ नये याची तिने व्यवस्था केली होती.

सत्तेचाळीस नंबर शेवटून तिसरा आला. तोपर्यंत माझी जीभ गेली होती. पाव खाऊन, पाणी पिऊन काही होत नव्हतं, सगळ्याला राखेची चव. अशा वेळी हात वर करून सांगायचं असतं की मला पंधरा मिनिटं द्या. नवे लोक सांगतात. आम्ही जुने सांगत नाही. आम्ही जे करतो त्याला आमच्यात नाव नाही, कारण कुणी कबूल करत नाही. ग्लास नाकाशी न्यायचा, ओठाला लावायचा, जरासा तिरका करायचा, घसा हलवायचा आणि ठेवून द्यायचा. मी तेच केलं. नाकाला सफरचंद लागलं. स्पष्ट, हिरवट, ताजं. माझ्या डोक्यात बारा ग्लासांमधला तो एक ग्लास उभा राहिला आणि हात आपोआप लिहायला लागला. कच्ची. मुरलेली नाही. शेजारचा परीक्षक, ज्याला सगळे 'नाक' म्हणतात, म्हणाला, "मला हे मुद्दाम घातलेलं वाटतंय. खरं फळ आहे." मी म्हणालो, "खरं फळ असतं तर चवीत उतरलं असतं." चव मी घेतलीच नव्हती. त्याने पस्तीस दिले होते, आमच्या गुणांत फरक फार पडला म्हणून त्याने नियमाप्रमाणे आपले गुण खाली आणले. माझं वजन होतं त्या टेबलावर. शेवटचा रकाना रिकामा होता आणि माझ्याकडे एक वाक्य तयार होतं, सकाळपासून कुठेतरी वापरायचं म्हणून मनात घोळत असलेलं. ते मी तिथे लिहून टाकलं. त्या बिअरचा आणि त्या वाक्याचा तसा काही संबंध नव्हता. दुसऱ्या कुठल्याही पेल्याखाली ते तितकंच शोभलं असतं.

आता टेबलाशी बसून मला सफरचंदं आठवली. उन्हाळा संपता संपता मुलीच्या रिकाम्या खोलीच्या खिडकीत दोरीवर सफरचंदाच्या चकत्या वाळत होत्या. मी खिडकी बंद करायला गेलो तेव्हा दोरी मधे येत होती म्हणून मी ती एका बाजूला सारली. कशासाठी वाळत घातल्यात, असं विचारलं नाही. वाटलं असेल, खायला. घरात कधी कधी शिजलेल्या धान्याचा गोडसर वास यायचा, मेळ्याहून परतलो की हमखास यायचा, आणि तो मला माझ्याच कपड्यांचा वाटायचा. मी कपडे लगेच धुवायला टाकायचो. म्हणजे मी बस पकडून दोनशे मैलांवर दुसऱ्यांची बिअर हुंगायला जायचो तेव्हा इथे, या शेगडीवर, मोठ्या पातेल्यात धान्य उकळत असायचं. ती तापमान बघत उभी असायची. भिंगं बदलणारा हात आहे तिचा, अर्ध्या अंशाची चूक व्हायची नाही. बाटल्या बहुतेक मुलीच्या पलंगाखाली असणार. मी उठून बघून आलो. होत्या. खोक्यात, ओळीने, टोपणांवर कसलीशी तारीख. मी हात लावला नाही, परत येऊन बसलो.

तक्ता परत खणात ठेवावा आणि काही बघितलंच नाही असं करावं, हा विचार मी केला. बराच वेळ केला. ते सहज जमलं असतं, आमच्या घरात न बोलण्याची सोय चांगली आहे. पण मग वाटलं की ती सात आठवडे गप्प आहे, म्हणजे आतून तुटत असणार, आणि मी माफी मागितली नाही तर यातून जे होईल ते दुरुस्त होणार नाही. खरं सांगायचं तर भीती वाटली. बायको सोडून जाईल अशी भीती नाही. ती इथेच राहील, चहा आत्ता की नंतर विचारत राहील, आणि माझ्याबद्दलचं तिचं मत तेवीस गुणांवर कायमचं थांबेल. मी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवायला लागलो. शेरा कठोर होता. मला माहीत नव्हतं. नंबराच्या मागे कोण आहे ते कळत नाही, तोच तर नियम आहे. वाक्यं चांगली जुळत होती, आणि त्याचीच मला किळस आली.

कुलपात किल्ली फिरली. ती दोन पिशव्या घेऊन आत आली, टेबलावरचा कागद तिला दारातूनच दिसला असणार, पण तिने आधी पिशव्या ओट्यावर ठेवल्या, बटाटे टोपलीत ओतले, कोथिंबीर पाण्यात उभी केली.

"सापडलं का," ती म्हणाली.

"टेबलाला पुठ्ठा शोधत होतो."

"मग मिळाला का पुठ्ठा?"

"नाही."

तिने पाकिटाची घडी केली, वाकून टेबलाच्या पायाखाली सारली, हाताने टेबल हलवून बघितलं. आता ते हलत नव्हतं. मग माझ्यासमोर बसली. मी म्हणालो, "मला माहीत नव्हतं तुझी आहे म्हणून."

"ते कसं माहीत असणार. मास्तरांचा फोन आला होता, बिचारे चार वेळा सॉरी म्हणाले. मीच त्यांना म्हटलं, त्याला सांगू नका."

"सात आठवडे तू बोलली नाहीस."

"पहिल्या दिवशी बोलले असते तर भांडले असते," ती म्हणाली. "त्या दिवशी दुकानात दोघांना चुकीचे नंबर काढून दिले मी. एका आजोबांना परत बोलवावं लागलं. घरी येऊन ठरवलं होतं, तू दार उघडलंस की तोंडावर फेकायचा हा कागद."

"फेकायचा होतास."

"अरे, ऐक तर. रात्रीपर्यंत थांबले, आणि मग परत वाचला. आणि बरं वाटलं."

मी तिच्याकडे बघितलं. ती थट्टा करत नव्हती. तिने तक्ता स्वतःकडे वळवला आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. नखाला अजून मातीचा कण होता, बटाट्याचा.

"कुणासाठी केली आहे ते कळत नाही," तिने वाचलं. "खरंच कळत नव्हतं रे. चार वर्षं मी तू नसताना काहीतरी उकळतेय, बाटल्या भरतेय, पलंगाखाली लपवतेय. कशासाठी ते मला सांगता आलं नसतं. तुला दाखवायचं म्हणून, की तुला दाखवायचं नाही म्हणून. आणि तू एका घोटात ते ओळखलंस. नंबराच्या आडून का होईना. मला वाटलं, या माणसाने इतक्या वर्षांत माझ्याकडे एवढं नीट बघितलं नव्हतं."

मघापासून जुळवलेली सगळी वाक्यं एका कठोर शेऱ्यासाठी होती. हिला शेऱ्याबद्दल तक्रारच नव्हती. खिडकीतून समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादर झटकत होतं, तेवढंच मला दिसत होतं.

"तेव्हापासून मनातल्या मनात तुझ्याशी बोलतेय," ती म्हणाली, आणि जराशी लाजली, पंचावन्न वर्षांची बाई लाजली. "पातेल्यापाशी उभी राहून. याला हे आवडेल का, याला ते खटकेल का. तू दोनदा बाहेरगावी गेलास ना मधे, तेव्हा नवी केली. पुढच्या रविवारी देणार होते. थांब."

ती मुलीच्या खोलीत गेली आणि बाटली घेऊन आली. दोन ग्लास काढले, पुसले. टोपण उघडल्यावर आवाज नीट आला, ना फार ना कमी. ओतताना तिने ग्लास तिरका धरला आणि शेवटी सरळ केला, फेस दोन बोटं उभा राहिला. हे तिला कुणी शिकवलं असेल, असं मनात आलं, आणि मग आठवलं की मीच, पहिल्यांदा, त्या वसंतातल्या बाटलीच्या वेळी.

"घे. आणि तुझ्या शब्दांतच सांग. मला येतात आता ते."

मी ग्लास नाकाशी नेला. मग प्यायलो. या खेपेला प्यायलो, घोट जिभेवर धरला, गिळला, थांबलो, दुसरा घेतला. रंग स्वच्छ. कडवटपणा मोजूनमापून, शेवट कोरडा. मला जे जे आवडतं असं मी गेल्या दहा वर्षांत कधी बोललो असेन ते सगळं तिने ऐकून ठेवलं होतं आणि यात घातलं होतं. एकही दोष नव्हता. बेचाळीस दिले असते, कदाचित त्रेचाळीस. आणि ही बिअर मी ओळखत होतो. शिस्तीची, चुका टाळणारी, कुणाला जवळ येऊ न देणारी. त्यात माझ्या आवडीनिवडी होत्या, तिचं एक अक्षर नव्हतं. दमलेलं कुणी नव्हतं, आत्याबाई नव्हत्या, सफरचंद नव्हतं. खूप वाईट वाटलं, आणि ते तिच्यासमोर लपवायला मी तिसरा घोट घेतला.

"काय?" ती म्हणाली. "बोल ना. खटकलं काही?"

"पहिलीची एखादी बाटली आहे का गं? सत्तेचाळीस नंबरची?"

"नाही."

"एकही नाही?"

"ओतून दिल्या. सतरा होत्या. कागद दुसऱ्यांदा वाचला ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीत ओतल्या सगळ्या. तू बरोबर होतास तर ठेवून काय करायच्या?" ती सहज बोलत होती, जुने कपडे देऊन टाकल्यासारखं. "दोन दिवस घरभर सफरचंदाचा वास होता. तू विचारलंसही, कसला वास येतोय म्हणून."

"तू काय म्हणालीस?"

"फरशी पुसलीय म्हणाले."

तिने आपल्या ग्लासातून लहानसा घोट घेतला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली, पूर्वी तंबूत बाकावर बसून बघायची तशी. मला समजलं की आत्ता गप्प राहिलो तर हे असंच राहील. ती माझ्याशी मनातल्या मनात बोलत राहील, माझ्यासाठी करत राहील, वर्षातून चार हंगाम, एकाहून एक निर्दोष, आणि आम्ही दोघं पुन्हा बरोबर मेळ्यांनाही जाऊ. बहुतेक सुखात राहू. त्यासाठी नुसतं न बोलणं पुरेसं होतं, आणि ते मला उत्तम जमतं.

"पण तुला ती कशाला हवी?" तिने विचारलं.

"चाखायची होती."

"चाखलीस की." ती हसली.

"नाही," मी म्हणालो. "नुसती हुंगली. जिभेला काही कळत नव्हतं, सकाळपासून मेली होती. ओठाला लावून ठेवून दिली. ते वाक्य आधीपासूनच माझ्याकडे होतं."

हसू तिच्या चेहऱ्यावरून लगेच गेलं नाही. तिने ग्लास टेबलावर ठेवला, तक्ता उचलला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली, वास, दिसणं, चव, एकेका रकान्यावर थांबत. चवीच्या रकान्यातही मी दोन ओळी लिहिल्या होत्या. त्या तिने पुन्हा वाचल्या. मग कागद खाली करून तिने माझ्याकडे बघितलं आणि अगदी हलक्या आवाजात, दुकानात गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, "मग इतके दिवस मी कुणाशी बोलत होते?"